हाकेनंतरचे दहा सेकंद

"माँजी, आँखें खोलो! हाथ उठाओ!"

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयातला सकाळचा राउंड. कॉटवरच्या बाई वेल्ह्याकडच्या, सत्तरीच्या आसपासच्या. मुलाच्या गाडीवर मागे एका अंगाला पाय सोडून बसल्या होत्या, स्पीडब्रेकरवर उडाल्या आणि डोकं रस्त्यावर आपटलं. ऑपरेशन झालं, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून ट्रॅकिओस्टॉमीची नळी बसली, व्हेंटिलेटर सुटला, डोळे अधूनमधून उघडू लागले. तरुण रेसिडेंट डॉक्टरांनी त्यांचा खांदा हलवला, वरचं वाक्य मोठ्याने दोनदा म्हटलं, तीनेक सेकंद वाट पाहिली आणि ते पुढच्या कॉटकडे वळले. केसपेपरवर ओळ उमटली: तोंडी सूचनांना प्रतिसाद नाही. डॉक्टर बेफिकीर मुळीच नव्हते. उत्तरेकडून शिकायला आलेले, रात्रभर जागे, पुढे अख्खा वॉर्ड उभा. दारापाशी उभी असलेली सून तेवढ्यात हळूच म्हणाली, "आत्याबाईंना हिंदी नाय समजत, सायेब." तिचं म्हणणं कुणाच्या कानावर पडलं की नाही, कोण जाणे. पण त्या एका ओळीवर पुढचा सगळा हिशेब उभा राहणार होता: फिजिओथेरपी किती वेळा, कुठला वॉर्ड, घरी कधी, नातेवाइकांना काय सांगायचं. मला ती ओळ सलत राहिली.

ती चुकीचीच होती असं नाही. बाईंना खरोखर भान नसेलही. पण ते त्या ओळीवरून कळायला काही मार्ग नव्हता. सूचना कुठल्या भाषेत दिली, कुठला हात उचलायला सांगितला, तो हात लुळा तर पडलेला नव्हता, कानातून रक्त आलं होतं म्हणजे त्या बाजूचं हाड फुटून ऐकू येणंच गेलं होतं का, फिट्सचं औषध पहाटे किती वाजता दिलं होतं, बाईंना सपाट झोपवलं होतं की डोकं उंच होतं, यातलं काहीही कागदावर नव्हतं. मेंदूला जबर मार बसलेल्या माणसाला शब्द ऐकून, त्याचा अर्थ लावून, स्नायूपर्यंत निरोप पोचवायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. शिस्तीने तपासणारे लोक प्रत्येक सूचनेनंतर दहा सेकंद वाट पाहतात. घड्याळ लावून बघा, खाटेपाशी उभं राहिल्यावर दहा सेकंद फार मोठे वाटतात. तीन सेकंदांत मिळालेल्या 'नाही'ला मी तपासणी म्हणणार नाही.

कोमा फार काळ टिकत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. साधारण दोन ते चार आठवड्यांत पेशंट दगावतो किंवा त्याचे डोळे उघडतात. डोळे उघडले की घरच्यांना वाटतं, सुटलो. अवघड भाग खरं तर इथून सुरू होतो. झोप आणि जाग यांचं चक्र परत येतं, श्वास आपला आपण चालतो, पण स्वतःचं आणि भोवतालचं भान आलंय का, हे नुसत्या उघड्या डोळ्यांवरून सांगता येत नाही. जाग आहे आणि भान नाही अशा अवस्थेचं वर्णन जेनेट आणि प्लम यांनी १९७२ साली केलं, 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' हे नाव तेव्हापासून रूढ झालं. पुढे २००२ साली तिच्या शेजारच्या अवस्थेचे निकष ठरले: 'मिनिमली कॉन्शस स्टेट'. इथे भान असतं, पण किंचित, आणि ते येतं-जातं. सकाळी दहाला आरशाकडे बघणारा माणूस दुपारी चारला कशाकडेच बघत नाही. या दोन अवस्थांमधली सीमारेषा ओळखताना होणारी गफलत धडकी भरवणारी आहे. लंडनच्या एका पुनर्वसन रुग्णालयाने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, भान नाही असं लिहून पाठवलेल्या ४० पैकी १७ जणांना भान असल्याचं आढळलं. त्यांतल्या बहुतेकांची दृष्टी गेलेली किंवा फार अधू झालेली होती. 'माझ्याकडे बघा' असं सांगून त्यांना तपासलं की पुढचं ठरलेलंच. बेल्जियममधल्या २००९ सालच्या अभ्यासात वॉर्डातल्या डॉक्टरांनी एकमताने भान नाही असं ठरवलेल्या ४४ पैकी १८ जण बारकाईने तपासल्यावर वेगळे निघाले.

ही एकमतं अनुभवी माणसांची होती.

दुसऱ्या बाजूला घरचे असतात. आयसीयूबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पिशवीत डबा आणि चादर घेऊन बसलेले. भेटीची वेळ झाली की आत जातात आणि बाहेर येऊन सांगतात, "माझा हात दाबला त्यांनी." बऱ्याचदा ते खरंच असतं, हात दाबलेला असतो. पण तळहाताला काही घासलं की बोटं आपोआप मिटणं हा एक रिफ्लेक्स आहे; तान्ह्या बाळात असतो, पुढे झाकला जातो, मेंदूला मार बसला की पुन्हा उघडा पडतो. आपण गहिवरून जितकं चोळू तितकी मूठ घट्ट होते. म्हणून हात हातात न घेता सांगायचं, "मूठ आवळा." किंवा मूठ आवळलेली असताना सांगायचं, "आता सोडा." सोडणं जास्त बोलकं असतं, ते रिफ्लेक्सने होत नाही. डोळ्यांतल्या पाण्याचंही तसंच. पापणी अर्धवट मिटत असली की बुबुळ कोरडं पडतं आणि पाणी वाहतं. मुलाचं नाव घेताना ते वाहिलं तर आईला त्यात रडणंच दिसणार. जांभई, कण्हणं, दात खाणं, तोंड चघळल्यासारखं हलवणं, छताकडे भिरभिरणारी नजर यांतल्या कशालाही भानाची गरज नसते. गणपतीत लक्ष्मी रोडलगतच्या जुन्या वाड्यात ढोलपथक खालून गेलं की खाटेवरचं माणूस दचकतं, हातपाय ताणतं. घरचे म्हणतात, ढोल ओळखला. त्यातून कळतं ते एवढंच की कान आणि मेंदूचा खालचा देठ काम करतोय. आवाजाच्या दिशेने डोळे किंवा मान वळणं ही त्याच्या वरची पायरी. प्रचलित मोजपट्टी तिलाही भानाची खूण मानत नाही. हे घरच्यांना सांगणं जिवावर येतं. आणि तरीही घरच्यांचं निरीक्षण उडवून लावण्याइतकी मोठी चूक नाही. मेंदूच्या देठात स्ट्रोक होऊन सगळं अंग बंद पडलेल्या, पण आतून पूर्ण जागृत असलेल्या लॉक्ड-इन पेशंटांच्या फ्रान्समधल्या एका पाहणीत, निम्म्याहून जास्त जणांचं भान सर्वांत आधी घरच्या माणसाने ओळखलं होतं. तिथे उरते ती फक्त डोळ्यांची वर-खाली हालचाल आणि पापणी. 'हात उठाओ' म्हणून त्या माणसाला जन्मभर विचारलं तरी उत्तर यायचं नाही. 'वर बघा' असं एकदा विचारावं लागतं.

तर मग बघायचं कसं? या कामासाठी २००४ साली प्रसिद्ध झालेली सुधारित कोमा रिकव्हरी स्केल, सीआरएस-आर, जगभर वापरतात: सहा भाग, जास्तीत जास्त २३ गुण, आणि नीट करायला अर्ध्या तासापर्यंत वेळ. आयसीयूत रोज लिहिला जातो तो ग्लासगो स्कोअर, डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्ध मोजणारा, तातडीच्या काळासाठी चांगला आहे, पण नजर एखाद्या गोष्टीचा पाठलाग करते का हे त्यात बघितलंच जात नाही, आणि परतणाऱ्या भानाच्या पहिल्या खुणांपैकी ती एक आहे. सुरुवात वेळ निवडण्यापासून करायची. आंघोळ, फिजिओथेरपी, नळीतून फीड, झोप आणणारी औषधं, यांच्या लगेच नंतर नको. सक्शन करून, म्हणजे नळीतला कफ यंत्राने खेचून घ्यायचा, टीव्ही बंद, खिडकी लावून घ्यायची म्हणजे कर्वे रोडचे हॉर्न आत येणार नाहीत. डोळे ओल्या कापसाने पुसायचे. चष्मा असेल तर लावायचा. महिनोन्महिने कपाटात पडलेला चष्मा हे तपासणी फसण्याचं अगदी नेहमीचं कारण. पलंगाची पाठ उचलून, जमलं तर व्हीलचेअरवर, बसतं करायचं. मग एक मिनिट काहीच करायचं नाही, फक्त बघायचं. डावा अंगठा आपोआप हलतोय का, पाय आखडतोय का. जी हालचाल आपोआप होतच राहते ती सूचनेसाठी वापरायची नाही, नाहीतर योगायोगालाच उत्तर समजून बसू. डोळे मिटलेले असतील तर चेहरा, मान, खांदा, दंड, छाती, पाठ, मांडी, पोटरी अशा क्रमाने स्नायू अंगठा आणि बोटांत धरून घट्ट दाबायचे, प्रत्येक ठिकाणी तीन-चार वेळा. याने जाग येते. मध्येच पेंग आली तर पुन्हा करायचं.

आता सूचना. एकच, छोटी, त्याच्या बोलीतली: "आत्याबाई, अंगठा हलवा." चार वेळा सांगायचं, दर वेळी दहा सेकंद थांबायचं. मध्ये मध्ये "आता हलवू नका" असंही सांगायचं, कारण थांबता येतं का हेही कळायला हवं. चारपैकी तीनदा जमलं तर पुन्हा पुन्हा मिळणारा प्रतिसाद म्हणून त्याची नोंद होते, चारही वेळा जमलं तर सातत्याचा. चारात एकदा हललं तर आनंदही नको आणि निराशाही नको, उद्या परत. अर्धांग झालेल्या बाजूची सूचना द्यायची नाही. डाव्या मेंदूला मार असेल तर भाषाच समजत नसण्याची शक्यता धरायची. बोलणं न कळणाऱ्या माणसालाही भान असू शकतं, म्हणून शब्दांवाचून चालणाऱ्या चाचण्या लागतात. त्यांत सगळ्यात सुंदर आरशाची. हातात धरायचा साधा आरसा चेहऱ्यापासून चार ते सहा इंचांवर धरायचा, पेशंटला स्वतःचा चेहरा दिसेल असा. मग आरतीचं ताट ओवाळावं तितक्या सावकाश तो उजवीकडे ४५ अंशांपर्यंत न्यायचा, मग डावीकडे, वर, खाली. हे सगळं पुन्हा एकदा. नजर न तुटता निदान दोन वेळा आरशामागे गेली पाहिजे. २००८ सालच्या अभ्यासात असं दिसलं की पेन किंवा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा आरशामागे जास्त जणांची नजर जाते. स्वतःचा चेहरा माणसाला इतक्या खोलवर ओढतो. घरचे इथे बहुतेक वेळा घाई करतात, आरसा भर्रकन फिरवतात, किंवा सोबत "इकडं बघा, इकडं बघा" चालू ठेवतात. मग नजर आवाजामागे गेली की आरशामागे, हे सांगता येत नाही. त्याच्या पुढे वस्तूंची परीक्षा. डोळ्यांसमोर कंगवा आणि कप धरायचे, दोन्हींत हातभर अंतर, आणि म्हणायचं, "कंगव्याकडे बघा." बाजू बदलत राहायचं. हातात कंगवा दिला आणि तो केसांकडे गेला, कप दिला आणि तोंडाकडे गेला, असं दोन वस्तूंच्या बाबतीत खात्रीने झालं, तर माणूस त्या किंचित भानाच्या अवस्थेतून बाहेर आला असं मानतात.

एकदा करून भागत नाही. भान येतं-जातं, त्यामुळे दोन आठवड्यांच्या आत निदान पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी तपासावं, असं २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासाने सुचवलं. एकदाच तपासलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त जणांचं निदान नंतर बदललं होतं. त्यातून अडथळे किती. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग झाला, सोडियम उतरलं, चार दिवस शौचाला झालं नाही, की आदल्या आठवड्यात मिळालेली खूण हरवते. आखडलेले हातपाय मऊ करायला दिलेलं बॅक्लोफेन आणि फिट्ससाठीचं क्लोबाझाम, दोन्ही गुंगी आणतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाहीत, पण डोस आणि वेळ बदलता येतील का हे जरूर विचारायचं. बाहेर न दिसणाऱ्या फिट्स कधीकधी मेंदूत चालू असतात, त्या ईईजीशिवाय, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाशिवाय, कळत नाहीत. कवटीचा तुकडा काढून ऑपरेशन झालेलं असेल तर काही आठवड्यांनी कधीकधी डोक्यात पाणी साठतं, हायड्रोसेफॅलस, आणि सुधारत असलेला पेशंट हळूहळू पुन्हा मावळत जातो. "आता एवढंच राहणार" असं म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, टाकून सुटण्यासारखी गोष्ट नशिबावर ढकलली जाते.

यंत्राने एकदाचं सांगून टाकावं असं सगळ्यांनाच वाटतं. २००६ साली इंग्लंडमध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुण स्त्रीला एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये, ठेवून "टेनिस खेळताय अशी कल्पना करा" असं सांगितलं, आणि तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला जो धडधाकट माणसांचा उजळतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाटेपाशी एकही सूचना न पाळणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जण एफएमआरआय किंवा ईईजीत आतल्या आत सूचना पाळताना सापडले. चारात एक! पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. खाटेपाशी उघडपणे सूचना पाळणाऱ्या ११२ जणांपैकी फक्त ४३ जणांचं भान यंत्राला दिसलं, बाकीच्यांचं निसटलं. म्हणजे यंत्राचा होकार मोलाचा, नकार तितकासा नाही. आणि अशी तपासणी रोजच्या उपचारात आपल्याकडे मिळणं दुरापास्त. आरसा मात्र कुठल्याही घरात असतो.

अरुणा शानबाग यांची आठवण मराठी माणसाला इथे येतेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, हल्ल्यानंतर तिथेच खाटेवर: १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयासमोर तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने सांगितलं की कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू पडतात. रुग्णालयाने सांगितलं की त्या अन्न घेतात, चेहऱ्याने प्रतिसाद देतात, आणि काही हवं-नको असेल तर त्यांच्या आवाजावरून परिचारिकांना कळतं. न्यायालयाने पुढे काय ठरवलं आणि त्यावरून कायदा कसा घडला, ते सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला निकाल सोडून दुसरंच आठवत राहतं: वर्षानुवर्षं रोज अंग पुसणाऱ्या, भरवणाऱ्या हातांना जे कळतं, ते काही तासांच्या तपासणीत कसं पकडायचं? आणि त्या हातांच्या मायेने त्यात आपल्या मनाचं काही मिसळलंय का, हे कसं वेगळं करायचं? मला दोन्ही बाजूंचा आदर वाटतो. म्हणूनच चार वेळा विचारण्याची आणि लिहून ठेवण्याची ती कोरडी वाटणारी पद्धत मला मायेची वाटते. तिने आशेला आणि निराशेला एकाच मापाने मोजता येतं.

भान सापडलं की आनंद होतो, आणि लगेच पोटात गोळा येतो. म्हणजे हे सगळं त्याला कळत होतं? बिलाचं बोलणं, "आता काही राहिलं नाही" हे पायाशी उभं राहून म्हटलेलं, जमिनीचा वाद? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पीईटी तपासणीत, म्हणजे मेंदूचं काम दाखवणाऱ्या आणखी एका स्कॅनमध्ये, दिसलं की किंचित भान असलेल्या माणसाच्या मेंदूत वेदनेचं जाळं जवळजवळ आपल्यासारखंच पेटतं. मग आखडलेला खांदा खस्सकन ओढून व्यायाम द्यायचा नाही. आधी सांगायचं, "आता हात वर घेतोय, दुखेल थोडं," आणि गरज असेल तर अर्धा तास आधी वेदनाशामक द्यायचं, तेही भान सिद्ध होण्याची वाट न बघता. डोक्याला मार बसून भान हरपलेल्यांना अमँटाडीन हे औषध दिलं तर सुधारणेचा वेग वाढतो, हे २०१२ साली १८४ पेशंटांच्या चाचणीत दिसलं; घरी न्यायच्या आधी न्यूरॉलॉजिस्टना त्याबद्दल विचारावं.

कारण बहुतेकांना शेवटी घरीच न्यावं लागतं. धनकवडीतला किंवा हडपसरचा वन बीएचके, हॉलमध्ये भाड्याने आणलेला पलंग, एअर मॅट्रेसच्या पंपाची घरघर, कोपऱ्यात सक्शन मशीन, ब्युरोतून आलेल्या मावशी, दर दोन तासांनी कूस. तिथे उशाशी एक शंभर पानी वही ठेवावी. तारीख, वेळ, बसवलं होतं की आडवं, कोण होतं, नेमके कुठले शब्द वापरले, आणि चार खुणा. "सकाळी १०.१५, टेकून, सूनबाई, 'अंगठा हलवा': हो, नाही, हो, हो." "काही नाही" हेही लिहायचं, कंटाळा न करता. मावशींना वेगळ्या पानावर लिहायला सांगायचं आणि एकमेकांचं आधी वाचायचं नाही. अशी वही घेऊन फॉलो-अपला गेलेल्या माणसाचं म्हणणं कुठल्याही डॉक्टरांना टाळता येत नाही.

सूचना सातत्याने पाळली जाऊ लागली की हो-नाही शिकवायचं. पापणीची नुसती उघडझाप नको, ती आपोआप होतच असते. 'हो' म्हणजे वर बघणं आणि 'नाही' म्हणजे डोळे घट्ट मिटून धरणं, किंवा अंगठा एकदा आणि दोनदा. मग उत्तर आपल्याला आधीच माहीत असलेले सहा प्रश्न. कानाला हात लावून, "मी कानाला हात लावलाय का?" हात मांडीवर ठेवून, "मी टाळ्या वाजवतोय का?" हो आणि नाही यांचा क्रम पेशंटला ओळखता येऊ नये असा. सहाही बरोबर आली तर अंदाजाने तसं होण्याची शक्यता ६४ मध्ये एक. तिथे पोचल्यावर घरातलं प्रत्येक जण धावतं ते "मला ओळखलं का?" विचारायला. ते विचारावंच, पण नंतर. आधी विचारायचं, "कुठं दुखतंय का?" हो आलं तर डोक्यापासून खाली यायचं: डोकं, मान, खांदा, पाठ, माकडहाड, टाच. प्रत्येक नाव घेऊन दहा सेकंद थांबायचं. खूप दिवस एकाच जागेवर टेकलेल्या टाचेपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि 'हो' पुष्कळदा तिथेच मिळतो.